पत्रा, प्लास्टिक की सिमेंट : सार्वजनिक कचरापेटीची निगा

सार्वजनिक कचरापेटी म्हणजे वाटसरूच्या हातातल्या कचऱ्यासाठी रस्त्याकडेला ठेवलेले भांडे. घरचा कचरा घंटागाडीत जातो, कारखान्याचा कंत्राटदार उचलतो. चहाचा कागदी कप, बिस्किटाचा रिकामा पुडा, केळ्याची साल, कणीस खाऊन उरलेले बुरकुंड यांचा मात्र कोणी धनी नसतो. टाकणारा दोन मिनिटांत पुढच्या गाडीने निघून जाणार असतो. त्याच्या हातातली वस्तू गटारात जाऊ नये एवढेच या भांड्याचे काम. त्यासाठी भिंत, तळ आणि झाकण विकत आणता येते. ते रिकामे करणारा, धुणारा आणि डागडुजी करणारा माणूस मात्र खरेदीच्या यादीत कुठेच नसतो.

पेटी कशाची करावी, हे तिची निगा कोण, किती दिवसांनी आणि कोणत्या हत्याराने राखणार यावर ठरायला हवे. व्यवहारात घडते ते उलटे. आधी दरपत्रके येतात, त्यांतली सर्वांत स्वस्त किंवा सर्वांत चकचकीत पेटी निवडली जाते आणि ती बसवताना छायाचित्र निघते. दुसऱ्या पावसाळ्यानंतर तिचा तळ कुठे गेला, हे विचारायला कोणी येत नाही. पैसा वाया जातो तो याच क्रमामुळे.

मावळ तालुक्यातले कान्हे हे गाव या प्रश्नाच्या अभ्यासाला फार सोयीचे आहे. पुणे–लोणावळा लोहमार्गावर वडगाव आणि कामशेत यांच्यामध्ये हे स्थानक लागते. जुना मुंबई–पुणे महामार्ग जवळूनच जातो, आणि कान्हे फाट्यावरून टाकवे, वडेश्वर करत आंदर मावळात रस्ता शिरतो. लोकलने कामाला जाणारे, फाट्यावर वाहनाची वाट पाहणारे, शासकीय रुग्णालयात आलेले आणि पावसाळ्यात डोंगराकडे निघालेले असे सगळे लोक थोड्याशाच जागेत एकत्र येतात. त्या जागेचे मालक मात्र वेगवेगळे. फलाट रेल्वेचा, महामार्गाची कड महामार्गाच्या यंत्रणेची, गावातला रस्ता ग्रामपंचायतीचा आणि रुग्णालयाचे आवार आरोग्य विभागाचे. घनकचरा व्यवस्थापन नियम २०१६ लागू करताना नागरी संस्थांबरोबर जनगणना शहरे, औद्योगिक वसाहती, रेल्वेच्या ताब्यातील क्षेत्र, तीर्थक्षेत्रे यांची नावे घेतली होती. सरसकट सर्व खेड्यांची नव्हती. फलाटावरची पेटी आणि फलाटाबाहेरची पेटी यांत पंचवीस पावलांचे अंतर असले, तरी त्यांचा कायदा, कंत्राट आणि झाडणारा हात वेगळा असतो.

कचरा साठवण्याची गावाची जुनी जागा म्हणजे उकिरडा. त्याला भिंत नव्हती आणि तिची गरजही नव्हती, कारण शेण, राख, पालापाचोळा आणि उष्टे-खरकटे यांचे वर्षभरात खत होऊन ते शेतात जात असे. भांड्याची गरज पडली ती न कुजणाऱ्या वस्तू आल्यावर आणि माणसे दाटीने राहू लागल्यावर. पॅरिसमध्ये १८८३–८४ च्या सुमारास यूजीन पूबेल या प्रशासकाने घरमालकांना झाकणाची पेटी ठेवणे बंधनकारक केले. कुजणारा कचरा, कागद-चिंध्या आणि काच-कपऱ्या-शिंपले असे तीन भागही त्याने सांगितले होते. त्या शहराच्या भाषेत कचरापेटीला आजही त्याच्याच आडनावाने ओळखतात. महाराष्ट्रात स्वच्छतेला ज्यांचे नाव जोडले गेले ते गाडगेबाबा हातात खराटा आणि सोबत मातीचे गाडगे घेऊन गावोगाव फिरले. राज्याचे ग्रामस्वच्छता अभियान २०००–०१ मध्ये त्यांच्याच नावाने सुरू झाले. त्या चित्रात झाडू पहिला आहे, भांडे नंतर.

मावळात पेटीचा पहिला शत्रू पाऊस. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पूर्वेकडे तो झपाट्याने कमी होतो आणि वडगाव–कान्ह्यापर्यंत येईतो निम्म्याहून खाली जातो, पण पुण्यापेक्षा तेथे तो चांगलाच जास्त असतो. अर्धा मीटर व्यासाचे उघडे तोंड असलेली पेटी घेतली, तर १०० मिलिमीटर पावसाच्या एका दिवसात तिच्यात जवळजवळ २० लिटर पाणी जाते. लोणावळ्याच्या अख्ख्या हंगामाचा हिशेब केला तर ते पावणेआठशे लिटर भरते. हे पाणी साधे राहत नाही. कुजणाऱ्या अन्नातून निघालेली आम्ले त्यात मिसळतात आणि तळाशी काळा, आंबूस वासाचा रस साठतो. पेटीचा तळ बाहेरून सहसा झिजत नाही, तो या रसाने आतून खाल्ला जातो. त्यातच आठ-दहा दिवस पाणी साचले तर डासांची एक पिढी बाहेर पडते. म्हणून मावळात बसवायच्या कोणत्याही पेटीला, मग ती कशाचीही असो, तीन गोष्टी हव्यातच : बाहेर झुकलेले छप्परवजा झाकण, तळाला बोटभर रुंदीची तीन-चार भोके, आणि जमिनीपासून वीतभर उंच पाय. भोके पाडली की रस जमिनीवर ठिबकतो, ही तक्रार खरी आहे. पण त्यावर इलाज भोके बुजवण्याचा नाही. ओला कचरा पेटीत साचू न देणे आणि खाली फरशी घालून तिचा उतार शोषखड्ड्याकडे काढणे हा आहे.

सिमेंटची कुंडी सर्वांत टिकाऊ समजली जाते. तिच्या कणखरपणामुळेच ती सर्वांत वाईट सांभाळली जाते. गावोगावी नाल्याच्या पाइपाची रिंग उभी ठेवून कुंडी केलेली दिसते. ९० सेंटिमीटर आतला व्यास, साडेसात सेंटिमीटर जाडी आणि ६० सेंटिमीटर उंची धरली तर अशा रिंगेचे वजन सव्वातीनशे किलोंच्या वर जाते. ती चोरीला जात नाही, वाऱ्याने पडत नाही, गाईने ढकलली तरी हलत नाही. पण ती ओतताही येत नाही. आत उतरून किंवा कमरेत वाकून फावड्याने कचरा घमेल्यात भरावा लागतो. त्या कचऱ्यात फुटकी बाटली असते, वापरलेले पॅड असते, कधी सुईही असते. कचऱ्याला हाताचा स्पर्श टाळावा आणि टाळता येत नसेल तेथे पुरेशी काळजी घ्यावी, असे २००० सालच्या नियमांतही लिहिलेले होते. उघड्या रिंगेत ते पाळताच येत नाही. शिवाय तिला तळ नसल्याने रस सरळ मातीत मुरतो, आणि लोकांना ती कचरा जाळण्याची चूलच वाटू लागते. उघड्यावर कचरा जाळल्यास दंड करण्याचा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये दिला आहे : साध्या प्रकाराला पाच हजार, मोठ्या प्रमाणावर जाळल्यास पंचवीस हजार रुपये. तरीही रिंगेच्या आतल्या बाजूला धुराची काजळी दिसत नाही असे गाव विरळाच. आगीने सिमेंट तडकते, तड्यांतून पाणी सळईपर्यंत जाते आणि सळई फुगून कपचे उडवते. सिमेंटचा योग्य उपयोग एकच : आत सुटी बादली बसेल असे बाहेरचे कवच. तसे केले तर कवचाला वर्षातून एकदा चुन्याचा हात पुरतो आणि सगळी निगा बादलीवर येते.

लोखंडी पत्र्याच्या पेटीवर जास्त थांबायला हवे, कारण गावात सहज दुरुस्त करता येण्याजोगी तीच एक पेटी आहे. वेल्डिंगचे दुकान कामशेतला आहे, वडगावला आहे, बहुतेक मोठ्या फाट्यांवर आहे. तुटलेली बिजागरी, निखळलेला पाय, फाटलेला तळ हे सगळे अर्ध्या दिवसात नीट होते. मात्र ती रंगाच्या जिवावर जगते. लोखंड गंजले की गंजाचे आकारमान मूळ धातूच्या कितीतरी पट होते, म्हणून रंगाला एक बारीक टवका उडाला तरी खालून फुगवटा चढतो आणि पापुद्रे सुटू लागतात. गंज दर्शनी बाजूला सुरू होत नाही. तळाच्या दुमडीत, जेथे दोन पत्रे एकमेकांवर येतात तेथे, बिजागरीच्या मागे आणि चिकटवलेल्या जाहिरातीच्या कागदाखाली तो सुरू होतो. अशी पेटी समोरून नवीकोरी दिसते, आणि एके सकाळी सफाई कामगार ती उचलतो तेव्हा भिंती हातात येतात नि तळ कचऱ्यासकट जमिनीवर राहतो. दर महिन्याला पेटी आडवी करून तळाची दुमड बोटाने दाबून पाहिली असती, तर हे सहा महिने आधी कळले असते.

रंगकामाची रीत साधी आहे, पण तिच्यात घाई चालत नाही. तारेच्या ब्रशने गंज खरवडायचा, पॉलिशपेपर मारायचा, पेटी धुऊन पूर्ण सुकू द्यायची, मग रेड ऑक्साइडचा एक हात आणि तो वाळल्यावर तैलरंगाचे दोन हात. आतल्या बाजूला आणि तळाला डांबरी काळा रंग अधिक टिकतो. तो दिसायला ओबडधोबड, पण आंबूस रसाला दाद देत नाही. गंजावरच रंग फासला तर तो एक पावसाळाही काढत नाही. मावळात पाऊस उघडला म्हणून लगेच रंगवायला घेणे चुकीचे. सांध्यांतली ओल जायला दिवाळी उलटावी लागते. हिवाळ्यात तपासणी व वेल्डिंग आणि एप्रिल–मेमध्ये रंग, हा क्रम येथल्या हवेला मानवतो. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा अर्थातच साध्या पत्र्यापेक्षा पुष्कळ वर्षे काढतो, कारण लोखंडाआधी जस्त स्वतः झिजते. मात्र वेल्डिंग केले की त्या जागेचे जस्त जळते, म्हणून तेथे जस्तयुक्त रंग लावावाच लागतो. आणि अशा पत्र्यावर तारेचा ब्रश कधीही चालवायचा नाही.

२०१४ मध्ये स्वच्छ भारत अभियान सुरू झाल्यावर खांबांमध्ये झुलणाऱ्या स्टेनलेस स्टीलच्या जोडपेट्या देशभर आल्या. या पेटीबद्दल दोन गैरसमज आहेत. पहिला असा की स्टेनलेस गंजतच नाही. त्याचे न गंजणे क्रोमियम ऑक्साइडच्या अतिशय पातळ थरावर अवलंबून असते. ३०४ या प्रतीत साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. २०२ ही स्वस्त प्रत निकेल कमी करून त्याजागी मँगनीज घालून बनते, आणि ओलसर हवेत तिच्यावर चहासारखे तपकिरी डाग लवकर पडतात. विक्रेता लोहचुंबक लावून तो चिकटत नाही हे दाखवतो आणि घेणाऱ्याची खात्री पटते. परंतु ३०४ ला चुंबक चिकटत नाही तसा २०२ लाही चिकटत नाही. या दोन प्रतींतला फरक चुंबक सांगूच शकत नाही. तो रासायनिक थेंबांच्या चाचणीने किंवा प्रयोगशाळेच्या दाखल्यानेच कळतो. खरेदीच्या अटींत ही एक ओळ नसल्यामुळे पंचायतींचे किती पैसे गेले असतील, या विचाराने वाईट वाटते.

दुसरा गैरसमज धुण्याचा. ग्रामपंचायतीत पाणी शुद्ध करायला टीसीएल पावडर असतेच. साथीच्या दिवसांत किंवा जत्रेच्या आधी तीच गटाराकाठी आणि कचरापेटीत भुरभुरली जाते. हेतू चांगला असतो. पण ओल्या पेटीत टीसीएल पडली की तिच्यातला क्लोरीन स्टेनलेसच्या थराला सुईच्या टोकाएवढी भोके पाडतो आणि जस्ताचा मुलामाही खातो. ती भुकटी पेटीभोवती जमिनीवर टाकावी, पेटीत नाही. पेटीला साबणाचे पाणी, मऊ ब्रश आणि शेवटी साध्या पाण्याचा भरपूर मारा एवढे पुरते. लोखंडी काथ्याने घासले तर त्याचे कण स्टीलमध्ये रुततात आणि तेच पुढे गंजतात. संडास धुण्याचे आम्ल आणि टीसीएल तर एकत्र कधीच येऊ द्यायचे नाही, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो आणि तो पहिल्यांदा धुणाऱ्याच्या छातीत जातो.

स्टेनलेसचा तिसरा प्रश्न भंगाराचा. ज्या वस्तूला भंगारवाल्याकडे चांगला भाव मिळतो ती रात्री एकटी राहत नाही. खांब उभे आणि मधल्या पेट्या गायब, हे दृश्य महाराष्ट्रात कोणत्याही रस्त्यावर दिसते. खिळीचा जोड वेल्डिंगने पक्का केला तर चोरी थांबते. मात्र पेटी झुलायची थांबते आणि मग ती रिकामी करायला हात घालावा लागतो. म्हणून स्टेनलेस पेटी जेथे रात्री माणसांची जाग असते तेथेच शोभते : रुग्णालयाच्या दारात, स्थानकाच्या तिकीटखिडकीजवळ.

प्लास्टिकच्या पेट्या म्हणजे बहुतेक वेळा एचडीपीईच्या. चाकांच्या मोठ्या डब्यांची १२० आणि २४० लिटर ही मापे सर्वत्र चालतात. आंबूस रसाचा या प्लास्टिकवर काही परिणाम होत नाही, गंजाचा प्रश्न नाही, वजन हलके, धुणे सोपे. तिला मारतात ते ऊन आणि विस्तव. उन्हातल्या अतिनील किरणांनी रंग पांढुरका पडतो, पृष्ठभागावर बोटाला खडूसारखी पूड लागते आणि मग हात आपटला तरी कड तुटते. पाण्याच्या काळ्या पाइपांत दोन-अडीच टक्के काजळी मिसळलेली असते, म्हणून ते उन्हात वर्षानुवर्षे टिकतात. त्या हिशेबाने सर्वांत टिकाऊ प्लास्टिकपेटी काळीच असायला हवी. पण वर्गीकरणासाठी हिरवी आणि निळी लागते, आणि त्या रंगांत अतिनील-रोधक द्रव्य पुरेसे आहे की नाही हे डोळ्यांनी कळत नाही. विस्तवाचे तर विचारूच नये. हे प्लास्टिक १३० अंशांच्या आसपास वितळते आणि बिडीचे जळते टोक कित्येक शे अंशांचे असते. चहाच्या टपरीशेजारी ठेवलेल्या पेटीत चुलीतली गरम राख पडली, की काही मिनिटांत तिचा तळ खाली वाहून येतो. टपरीपाशी पत्र्याचीच पेटी हवी, आणि तिच्या कडेला बिडी विझवायला वाळूची एक वाटी.

या पेटीची दुरुस्ती अवघड असते, कारण एचडीपीईला कोणताही सामान्य गोंद धरत नाही. गरम हवेचे वेल्डिंग लागते. ते नसले की माणसे तापवलेल्या पट्टीने भेग सांधतात किंवा दोन्हीकडे भोके पाडून तारेचे टाके घालतात. टाके काही महिने पुरतात. खरे नुकसान मात्र भेगेने होत नाही. पंधरा-वीस रुपयांची बिजागरीची खिळी हरवते, झाकण वेगळे होते, ते कोणीतरी दुसऱ्याच कामाला नेतो, आणि बिनझाकणाच्या डब्यात पाऊस, कुत्री नि माकडे शिरतात. लोणावळा–खंडाळ्याच्या बाजूला माकडांना झाकण उघडायला शिकवावे लागत नाही. दहा पेट्या घेताना चार जादा झाकणे, वीस खिळ्या आणि चाकांच्या दोन जोड्या घेतल्या, तर त्या दहा पेट्यांचे आयुष्य जितके वाढते तितके आणखी दोन पेट्या घेऊन वाढत नाही.

बागांमधल्या पेंग्विन, बेडूक, ससा यांच्या आकाराच्या उघड्या तोंडाच्या पेट्या फायबरच्या असतात, म्हणजे काचतंतूंचे कापड आणि रेझिन यांच्या. मुलांना त्या आवडतात, आणि लहान मूल आपणहून कागद नेऊन टाकते हा त्यांचा मोठा गुण आहे. वरचा गुळगुळीत थर झिजला की तंतू उघडे पडतात आणि हाताला खाज सुटते. तेवढ्यात कापडाचे ठिगळ आणि रेझिनचा हात दिला की पेटी पुन्हा उभी राहते. बांबूची, बुरडाच्या हातची टोपलीही सुक्या कचऱ्यासाठी उत्तम. ती पावसाळाभर आडोशाला, शाळेच्या ओसरीत किंवा पंचायतीच्या व्हरांड्यात ठेवावी लागते, एवढेच.

रंगाचा प्रश्न साहित्याशी जोडलेला आहे, हे फारसे लक्षात घेतले जात नाही. २०१७ च्या जागतिक पर्यावरण दिनापासून ओल्याला हिरवी आणि सुक्याला निळी असा प्रचार देशभर झाला. प्लास्टिकमध्ये रंग अंगात मुरलेला असतो, पत्र्यावर तो वरून लावलेला असतो, आणि स्टेनलेसवर बहुधा केवळ चिकटपट्टी असते. चिकटपट्टी दोन पावसाळ्यांत निघते आणि मग खांबावर एकसारख्या दोन चंदेरी पेट्या झुलत राहतात. वाटसरूने कोणता कचरा कशात टाकायचा? वर्गीकरण लोक करत नाहीत अशी तक्रार करण्याआधी पेटीवर रंग उरला आहे का, हे पाहणे न्यायाचे होईल. त्यातच रुग्णालयाच्या आवारात जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे वेगळे नियम आहेत : पिवळा, लाल, पांढरा आणि निळा, आणि तेथे निळा म्हणजे काच. कान्ह्याच्या रस्त्यावरून रुग्णालयात शिरणाऱ्या माणसासाठी एकच रंग दारात अर्थ बदलतो. म्हणून अशा ठिकाणी रंगाबरोबर चित्र हवे, आणि ते पत्र्यात ठोकून उठवलेले किंवा कोरलेले असावे. चिकटवलेले नको.

स्थानकावरची पेटी हा आणखी निराळा विषय. १८ फेब्रुवारी १९९१ रोजी लंडनच्या व्हिक्टोरिया स्थानकात कचरापेटीत ठेवलेला बाँब फुटला आणि त्यानंतर तेथल्या स्थानकांतून पेट्या काढल्या गेल्या. २० मार्च १९९३ रोजी वॉरिंग्टनमध्ये ओतीव लोखंडाच्या पेट्यांत स्फोट झाले. पेट्यांचेच तुकडे गोळ्यांसारखे उडाले आणि दोन मुलगे दगावले. पॅरिसने १९९५ च्या स्फोटांनंतर कड्याला अडकवलेली पारदर्शक पिशवी स्वीकारली. रेल्वेच्या फलाटावर जाड धातूची बंदिस्त पेटी का नको, याचे उत्तर या घटनांत आहे. कडे-पिशवीची निगाही सोपी दिसते : रंग नाही, गंज नाही, धुणे नाही. पण पिशवी रोज बदलावी लागते. महाराष्ट्रात मार्च २०१८ च्या प्लास्टिकबंदीत कचरा हाताळणीच्या विघटनशील पिशव्यांना सूट आहे. मात्र त्या उष्णतेत आणि ओलीत लवकर लिबलिबीत होतात, म्हणून ओल्या कचऱ्याने भरलेली पिशवी जुलैत दोन दिवस टांगून ठेवली तर फाटणारच. शिवाय त्या फार दिवस साठवूनही ठेवता येत नाहीत.

उचलणाऱ्या माणसाकडे पाहिले म्हणजे मापाचा प्रश्न सुटतो. आपल्याकडच्या मिश्र, ओलसर कचऱ्याचे वजन घनमीटरला साधारण ४०० ते ५०० किलो भरते. म्हणजे १०० लिटरची भरलेली पेटी ४०–५० किलोंची झाली. ती एकट्या बाईने किंवा पुरुषाने दिवसातून वीस वेळा छातीएवढी उचलून गाडीत ओतायची, ही अपेक्षाच अमानुष आहे. हाताने उचलायच्या पेटीत ४० लिटरची सुटी बादली असावी, तिला दोन्ही बाजूंना कान असावेत आणि कडा दुमडलेल्या असाव्यात. पत्र्याच्या न दुमडलेल्या कडेने हातमोजा एका आठवड्यात चिरतो. हे ठाऊक असलेली व्यक्ती पेटीची निवड करणाऱ्या बैठकीत नसते. ज्या दिवशी दरपत्रके उघडली जातात त्या दिवशी नमुन्याची पेटी एकदा सफाई कामगाराच्या हाती द्यावी, ती भरावी आणि त्याला ओतायला सांगावे. पाच मिनिटांचे काम आहे, आणि त्यात जे कळते ते कोणत्याही माहितीपत्रकात छापलेले नसते.

आता पैसा. स्वच्छ भारत (ग्रामीण) अभियानाच्या २०२० मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्यात घनकचऱ्यासाठी पाच हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावाला माणशी ६० रुपयांपर्यंत आणि त्याहून मोठ्या गावाला माणशी ४५ रुपयांपर्यंत तरतूद ठरली. चार हजार वस्तीच्या गावाला म्हणजे जास्तीत जास्त दोन लाख चाळीस हजार, आणि तेही एकदाच. यातून पेट्या, गाडी, शेड असे उभे राहते. दरवर्षीचा रंग, खिळ्या, वेल्डिंग आणि मजुरी पंचायतीच्या नेहमीच्या उत्पन्नातून किंवा वित्त आयोगाच्या निधीतून यायला हवी. पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामीण अनुदानातला मोठा हिस्सा, २०२१–२२ पासून ६० टक्के, पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित केला होता, आणि स्वच्छतेच्या कामात निगा-दुरुस्तीही धरलेली होती. वाट होती, अंदाजपत्रकात ‘कचरापेटी दुरुस्ती’ असे स्वतंत्र शीर्ष मात्र क्वचितच दिसते. खरेदीचा फलक लावता येतो, खिळीचा लावता येत नाही, हे त्यामागचे कारण असावे.

पेट्याच नकोत, असाही एक विचार आहे आणि तो हलका नाही. पुण्यात कचरावेचकांनी १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभारली. तिच्यातून आलेल्या ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेने २००८ पासून महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करायला घेतला. दारात माणूस येतो तेथे कोपऱ्यावरची मोठी कुंडी हटवता येते, आणि ती हटवलीच पाहिजे; घरच्या कचऱ्याचे ढीग तिच्याचभोवती साठतात. परंतु वाटसरूला दार नसते. टोकियोत १९९५ च्या विषारी वायूच्या हल्ल्यानंतर स्थानकांतल्या आणि रस्त्यांवरच्या पेट्या कमी झाल्या आणि लोक कचरा घरी नेऊ लागले. त्यामागे घरोघरच्या वर्गीकरणाची आणि ठरल्या दिवशी येणाऱ्या गाडीची भक्कम व्यवस्था होती. कान्हे फाट्यावर जीपची वाट पाहणाऱ्या प्रवाशाकडून तेच अपेक्षायचे तर आधी त्याच्या गावात गाडी जायला हवी.

तरीही पेटी कोठे नको, याचा नियम सांगता येतो. जेथे गाडी पोचत नाही तेथे पेटी नको. जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या मराठा लष्करी भूप्रदेशांत लोहगड आहे. गडाच्या माथ्यावर पेटी ठेवली तर तिच्यातला कचरा कोणीतरी डोक्यावरून खाली आणावा लागतो. तो आणला गेला नाही तर माकडे आणि वारा तो तटाबाहेर पसरवतात. तेथे पेटीची जागा पायथ्याला लोहगडवाडीत, गाड्या उभ्या राहतात तेथे. आंदर मावळातल्या धबधब्यांचेही तसेच. कान्हे फाट्यावर, म्हणजे परतणारी सगळी माणसे जेथून जातात तेथे, शनिवार-रविवारी मोठे चाकांचे डबे उभे करावेत आणि सोमवारी सकाळी उचलून न्यावेत. कायमच्या पेटीला सात दिवसांची निगा लागते. दोन दिवसांच्या गर्दीसाठी तिचा भार वाहण्याचे कारण नाही.

सगळ्या पेट्यांना क्रमांक असावा आणि पंचायतीत एक साधी वही असावी. पेटी कोठे आहे, कशाची आहे, कधी बसवली, तळ कधी तपासला, रंग कधी दिला, काय बदलले. फलाट, महामार्ग आणि गावरस्ता यांचे मालक वेगळे असले तरी वही एक ठेवायला कोणताही कायदा आड येत नाही.

पेटी स्वतःही एक दिवस कचरा होते, आणि साहित्याची निवड करताना तोही दिवस मोजायचा असतो. लोखंडी पत्रा भंगारात जातो आणि जालन्यासारख्या ठिकाणी भट्टीत वितळून पुन्हा सळई होतो. स्टेनलेसला त्याहून चांगला भाव मिळतो, आणि तो पंचायतीच्या खात्यात रीतसर जमा व्हायला हवा. एचडीपीई दळून त्याचे दाणे होतात. हिरवे-निळे तुकडे मिसळले की मळकट रंग येतो, त्यातून बादल्या आणि पाइप निघतात. सिमेंटची रिंग फोडून रस्त्याच्या भरावात घालता येते. फायबरचे मात्र काही होत नाही : ते वितळत नाही, कापले तर काचेची धूळ उडते आणि जाळले तर धूर विषारी असतो. म्हणून फायबरची पेटी घ्यायचीच असेल तर तिच्याबरोबर कापड, रेझिन आणि ते लावता येणारा एक माणूस गावात असावा, आणि ठिगळ बसते तोवर ती मोडीत काढू नये. ज्या पेटीचा क्रमांक वहीतून खोडायची वेळ येईल, तिच्यासमोर तिने काढलेल्या पावसाळ्यांचा आकडा लिहावा. पुढची खरेदी त्या आकड्यावरून करता येते.